खोटी वाट

लोहगडवाडीचा महिपती बेसन आणायला कार्ल्याला निघाला होता, एवढंच. गडाखाली त्याचं भजी-ताकाचं दुकान. रविवारी पुण्याची माणसं येणार आणि पीठ संपलेलं. श्रावणातलं धुकं असं उतरलेलं की भर दुपारी दिवा लावावा. त्यानं रिकामा डबा उचलला, आणि कुणी जुनं धोतर टराटरा फाडावं तशी कळ छातीतून थेट पाठीत गेली.

म्हातारा ओरडला नाही. खाली बसला आणि लेकीवर डाफरला.

"सारिके, जीप काड. उद्या रविवार हाय, मला मरायला येळ न्हाई."

"आबा, तोंड बंद ठिवा नि मागं आडवं व्हा."

जीप भाजे गावाकडच्या उताराला लागली. पुढच्या चाकापुरताच रस्ता दिसत होता. ओल्या गवताचा वास, आणि मागं दात आवळून श्वास घेणारा बाप. एका वळणावर फुटका कठडा आला. उतरत गेले, तर पुन्हा तोच कठडा. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्यावर कुणीतरी बसलं होतं, घोंगडी डोक्यावरून घेऊन. त्यानं नुसता हात लांबवून डावीकडची वाट दाखवली. रुंद, गुळगुळीत वाट. सारिकानं चाक वळवलं.

"तिकडं न्हाई..."

"आबा, रस्ता दिसतोय की तितं."

"जन्म गेला माझा हितं. डावीकडं दरी हाय. चकवा हाय त्यो... खोटी वाट दावतो नि फिरवून फिरवून मारतो."

चकवा लागला की जागच्या जागी बसून राहावं, असं जुनी माणसं सांगतात. पण इथं बसून राहायचं म्हणजे मरायचंच. महिपतीनं खिडकीची काच सरकवली.

"रस्त्याकडं बगूच नगं. कडंचं पानी कुटं पळतंय त्ये बग. पानी खालीच जातंय. त्येला कोन फशिवतंय?"

सारिकानं दार अर्धं उघडं धरून पाण्यावर नजर ठेवली, चाक परत फिरवलं आणि पाण्यामागं गाडी घातली. खिडकीशी ओल्या घोंगडीचा वास आला. म्हाताऱ्याचा डावा हात बाहेर लोंबत होता, तो कुणीतरी धरला. महिपतीनं दिला हिसडा. हात आत आला, पण गार पडलेला. मेलेल्याचा असावा तसा. फुटका कठडा पुन्हा आला नाही.

लोणावळ्याच्या दवाखान्यात सिस्टर चैतालीनं 'छातीत दुखतंय' ऐकलं आणि हार्ट अटॅक धरून रक्त पातळ करायचं इंजेक्शन भरलं. तिला नावं ठेवू नका, बहुतेक वेळा तेच असतं. डॉक्टर वल्लरीनं मात्र म्हाताऱ्याची दोन्ही मनगटं एकदम धरली. उजवी नाडी उड्या मारत होती. डावी लागेचना. रक्तदाब दोन्ही हातांत मोजला, तर डाव्यात निम्मासुद्धा नाही.

"चैताली, थांब! ते इंजेक्शन दिलंस तर आतल्या आत रक्तस्राव होऊन जातील."

तिनं स्कॅन करवला आणि सारिकाला बाजूला घेतलं. "हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलंय. रक्त भिंतीत शिरलंय आणि तिथं त्यानं दुसरीच, खोटी वाट केलीय. बाहेरची भिंत फुटली की संपलं. आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायचं, ऑपरेशनला."

म्हाताऱ्याचे कान तिखट. "खोटी वाट..." तो पुटपुटला. "मंजी आत शिरला म्हना की त्यो."

"आबा, बोलू नका. दाब चढतोय."

"मी काय मरत न्हाई, बाई. तू गाडी काड."

दाब उतरवायचं औषध सलाइनमधून चालू ठेवून वल्लरी स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसली. पुण्याच्या डॉक्टरांनी फाटलेला भाग कापून तिथं कापडी नळी शिवली. रक्त आपल्या रस्त्याला लागलं. महिपती वाचला, आणि शुद्धीवर आल्या आल्या पहिल्यांदा बेसनाची चौकशी केली.

दिवाळीनंतर तो वल्लरीकडे तपासून घ्यायला आला. तिनं पुन्हा दोन्ही मनगटं एकदम धरली.

"छान आहे सगळं," म्हणता म्हणता तिनं दोन्ही नाड्या पुन्हा मोजल्या. उजवी नाडी ठीक होती. डावीही चालू होती, पण तिची चाल निराळी. संथ. उजवीचे दोन ठोके पडत तेव्हा हिचा एक. तिनं छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. हृदय उजवीच्याच तालावर चाललं होतं.

"आबा... या डाव्या हातात..."

"ठाव हाय मला," महिपती म्हणाला. "असंल कुनाचाबी. उजवा माझा हाय, आन् घास मी उजव्यानंच खातो."

वल्लरीची बोटं अजून डाव्या मनगटावर होती. बोटांखालचे संथ ठोके थांबले. कुणी बोलणं ऐकायला थबकावं तसे.

मग पुन्हा सुरू झाले, जरा घाईनं.