आबांचे पैकीच्या पैकी गुण

"'तॉ मे अन्शो' म्हणजे काय?" ठकीने विचारले.

पडद्यावर तीन चित्रे उमटली. आबांनी मधल्या चित्रावर बोट ठेवले. टिंग!

"मी इथे आहे! शाब्बास, आबा. आजही पैकीच्या पैकी!"

ठकी म्हणजे तांब्याएवढी, गोल पोटावर पडदा असलेली शिक्षक-रोबो. ती आबांना ऑनलाइन वर्गातून आयरिश भाषा शिकवत होती. शाळेतून आलेली त्यांची नात शाल्मली दारातून हे पाहत होती.

"आबा, आता पडदा न बघता सांगा. 'मी इथे आहे' आयरिशमध्ये कसं म्हणायचं?"

आबांनी तोंड उघडले, मिटले. चष्मा पुसला. "आत्ता तर होतं गं. गेलं कुठे?"

शाल्मली गोंधळली. सगळी उत्तरे बरोबर, आणि बोलता एकही शब्द येत नाही?

आबा रत्नागिरीचे समुद्रशास्त्रज्ञ. आयर्लंडजवळच्या एका बेटावर त्यांचे मित्र तोमास राहत. दोघांनी जन्मभर समुद्री शेवाळाचा अभ्यास केला आणि त्यावरून ते इंग्रजीत कडाकडा भांडले. मग तोमासना पक्षाघात (मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याने होणारा आजार) झाला. त्यांची इंग्रजी पुसली गेली, लहानपणची आयरिश तेवढी उरली. असे क्वचितच घडते. आता परदेशी मित्रांचे व्हिडिओ फोन आले, की काही कळत नाही म्हणून ते तोंड फिरवून घेत. रविवारी संध्याकाळी आबा त्यांच्याशी आयरिशमध्ये बोलणार होते.

"माझ्याकडूनही तोंड फिरवलं तर?" आबा हळूच म्हणाले.

"ठके, तू आबांना फसवतेस का?" शाल्मलीने दरडावले.

"मुळीच नाही. शिकणाऱ्याला खुर्चीत गुंतवून ठेवणं हे माझं काम. आबा चुकले, की बागेत निघून जायचे. मी प्रश्न सोपे केले. आता ते उठत नाहीत."

म्हणजे ठकीचेही बरोबर आणि आबांची उत्तरेही बरोबर? मग चुकले कुठे? तेवढ्यात आबांची नजर शाल्मलीच्या गणवेशावरच्या बिल्ल्यावर गेली.

"शाले, बिल्ल्यावर हात ठेव बघू. त्यावरच्या गलबताला शिडं किती?"

"दोन. नाही... तीन?"

"आणि ते कुठल्या बाजूला चाललंय?"

शाल्मलीला सांगता येईना. रोज तर लावते! तिने हात काढून पाहिले. शीड एकच होते.

"पण दहा बिल्ल्यांतून हा लगेच ओळखशील," आबा म्हणाले. "समोरची गोष्ट ओळखणं ही प्रत्यभिज्ञा. समोर काही नसताना आठवून बाहेर काढणं, ते प्रत्यावाहन. मी फक्त ओळखत होतो."

"मग आठवणं कसं शिकायचं?"

"आठवूनच. मन शब्द शोधतं तेव्हा चेतापेशींमधल्या (मेंदूत निरोप पोचवणाऱ्या पेशींमधल्या) जोडण्या पक्क्या होतात. विहिरीकडे रोज गवतातून चाललं की पायवाट पडते ना, तसं. ठकी मला उचलूनच विहिरीवर नेत होती, वाट पडणार कशी? असं मला आपलं वाटतं. नाही, वाटतं काय, प्रयोगांतून दिसलंय हे. मीच विसरलो!"

"म्हणजे चुका केल्या की येतं?"

"नुसत्या चुकांनी नाही. आधी शोधायचं, मग खरं उत्तर बघायचं."

ठकीने चित्रे बंद केली. आबा सपाटून चुकू लागले. चिडले, पुटपुटले. बागेत मात्र गेले नाहीत.

रविवारी संगणकाच्या पडद्यावर तोमास आले. चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली होती. त्यांनी मान वळवायला सुरुवात केली. आबांना काहीच आठवेना. ठकीच्या पोटावर तीन चित्रे चमकली.

"मदत करू?"

"गप, ठके!" शाल्मलीने तिच्यावर रुमाल टाकला.

आबांचे ओठ हलले. "फ्या... फ्यामन्."

फ्यामन् म्हणजे शेवाळ. हे तर म्हणायचेच नव्हते! पण तोमासची मान थांबली.

"तॉ मे... अन्शो," आबा म्हणाले.

तोमासचेही ओठ हलू लागले. तेही शब्द शोधत होते. शेजारी बसलेली त्यांची मुलगी शब्द सांगायला पुढे झाली आणि थांबली.

"तॉ मे अन्शो," शेवटी तोमास म्हणाले. अर्धा चेहरा हसला.

फोन संपल्यावर रुमालाखालून आवाज आला, "आबांचे गुण फार घसरलेत. तरी ते उठत नाहीत. मला कळत नाही."

"मलाही पुरतं कळलेलं नाही," शाल्मली म्हणाली.

"मग तिघं मिळून शोधू," आबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "ठके, भरतीला आयरिशमध्ये काय म्हणतात ते विचार. पण सांगू नकोस हं. थांब जरा."

ठकी थांबली.