एकदा वाजली म्हणजे हो

इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशीचा राग अजून माझ्या कानात गरम आहे.

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी टेलिफोन बोर्डावर बसायचे. एक खासगी बोर्ड आमच्याकडे, दुसरा मालकांच्या परभणीच्या पेढीवर, आणि दोन्ही जोडणारी एकच तार. पलीकडे बन्सीधर. वर्षभर नुसता आवाज... माणूस कधी पाहिला नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून घंटी यायची, मी उचलायचे, आणि पलीकडे — शांतता! परभणीचा भाव कळेना. कापसाच्या गाड्या फाटकात अडल्या. मुनीम दत्तराव कडाडले, “दुपारपर्यंत बोलनं लागलं न्हाई, तर उद्यापासून बोर्डावर माझा पुतण्या!”

माझं डोकं फिरलं. रिसीव्हर हातात तसाच धरून मी झाडणाऱ्या सरजाबाईला म्हटलं, “आवाज तेवढा गुळाचा हाय मेल्याचा! बाकी लय बिनकामाचा.”

“गुळाला मुंगळा लागलाय म्हन की!” सरजाबाई खिदळली.

मी रिसीव्हर आपटला. लगेच घंटी वाजली. मी थबकले... घंटी येते, म्हणजे तार शाबूत आहे. मग?

“माझं ऐकू येतंय का तुमाला? येत असंल तर एकदा वाजवा.”

एकदा वाजली.

“सकाळधरनं... सगळं?”

एकदा वाजली.

“म्हंजे तुमच्या बोर्डाचे सेल गेलेत! घंटी हँडल फिरवून वाजती, आवाजाला मातुर सेल लागत्यात. माझं तिकडं येतंय, तुमचं इकडं येईना. बदला की ते!”

घंटी वाजली... अगदी हळू.

दुपारी दारात एक घामाघूम, सडपातळ तरुण उभा. “रुख्मिणीबाई?”

तोच आवाज!

“बिघाड तुमच्याकडं, अन् तुमी इथं?”

“सेल बदलले. मालकानं नवे सेल क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला रेडिओत घातले होते.” मग तो दत्तरावांकडे वळला. “चूक आमची, मुनीमजी. शोधली बाईंनी.”

दत्तरावांनी वहीत डोकं घातलं. मी मात्र पेटलेलीच. “मंग हे तारेवर सांगायचं! रेल्वेनं कशाला आलात?”

“भाव सांगायला तार बरी... पन ते गुळाचं — समोर ऐकावं म्हटलं.”

मी रागानं परभणीला लावायला हँडल फिरवलं. पलीकडून मालक गरजले, “बन्सीधर कुठं उलथलाय?”

“इथं हाय!” मीही ओरडले. “अन् आता मी त्याला सोडनार न्हाई!”

सरजाबाईच्या हातातला झाडू पडला. मुनिमांच्या टेबलावर चपराशाला बोलवायची घंटी होती. तिच्यावर बन्सीधरनं बोट ठेवलं —

एकदाच वाजली.