आतून लावलेली कडी

पुरस्काराची पितळी बाहुली घरी आली, त्या आठवड्यात धाकट्यानं तिचा पहिला उपयोग केला तो कागद दाबून ठेवायला. चांगली जड होती. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, तरी घरात तो धाकटाच; बाहेर मात्र आता 'सर' झाला होता. फिल्म सात मिनिटांची, सेकंदाला बारा चित्रं, सगळी हातानं कागदावर काढलेली. ती काढता काढता त्याची मान कायमची वाकडी झाली होती आणि मुलाखतींत हे सांगायला तो विसरत नसे.

स्टुडिओ म्हणजे नाव मोठं. होती ती एका छापखान्यामागची गोदामाची खोली. उंचावर जाळीची एक खिडकी, भिंतभर कागदांचे खोके आणि मधोमध काचेचं टेबल. काचेखाली दिवे, म्हणजे एका चित्रावर कोरा कागद ठेवला की खालचं चित्र वर दिसतं. दिवे जुने झाले होते, तासाभरात काचेला हात लावता येत नसे. दाराला कडी होती ती फक्त बाहेरून. आतून काहीच नाही. वाऱ्यानं दार उघडायचं म्हणून त्याची मदतनीस त्याला आतून स्टूल लावून ठेवायची. त्याच्या कच्च्या रेघांवरून पक्की रेघ ओढणं हे तिचं काम, म्हणून तिला सगळे रेघवाली म्हणत.

"सर, आता तरी आतून एक कडी बसवून घ्या," ती म्हणायची. "बक्षीसवाल्या माणसाला शोभत नाही हे स्टूल."

"बघू," तो म्हणायचा.

फिल्म घरचीच गोष्ट सांगत होती. आजोबांचं शिवणाचं दुकान. मागच्या खोलीत मशीनवर त्यांची बहीण. एका भर दुपारी आग लागते. आजोबा पाळण्यातलं मूल उचलून बाहेर पळतात. ते मूल म्हणजे धाकट्याचे बाबा. आणि आत्या (ती बाबांची आत्या, पण घरात सगळेच तिला आत्या म्हणत) मागच्या खोलीचं दार स्वतःच आतून लावून घेते, धूर बाळापर्यंत पोचू नये म्हणून. इथे परीक्षकांनी डोळे पुसले होते.

हे साफ खोटं होतं आणि धाकट्याला ते ठाऊक होतं.

बाबांनी त्याला सगळं सांगितलं होतं, फिल्मचा पहिला कागदही काढला नव्हता तेव्हा. "कडी बाहेरून होती. तुझे आजोबा रोज एक वाजता जेवायला जाताना घालून जायचे. काम टाकून ती उठू नये म्हणून. त्या दिवशी कडी घालून निघतच होते तर आग लागली; मला घेऊन पळाले आणि कडी तशीच राहिली. शेवटच्या आजारात मला म्हणाले, विसरलो. मरेपर्यंत तेवढंच म्हणत होते, विसरलो." मग तिच्याबद्दल म्हणाले, "डावखुरी होती म्हणे. एवढंच ठाऊक आहे मला तिचं. फोटोसुद्धा ठेवला नाही कुणी."

फोटो नाही, म्हणून धाकट्यानं तिला साऱ्या फिल्मभर पाठमोरीच काढली होती. त्याचंही परीक्षकांनी कौतुक केलं.

पुरस्कारानंतर बाबा एवढंच म्हणाले, "आता तरी ते दुरुस्त कर."

"बाबा, सिनेमा आहे तो, पंचनामा नाही."

"तिच्याकडे एकच गोष्ट होती रे, तिला कोंडलं होतं हे खरं. तीही तू आजोबांना सोडवण्यासाठी देऊन टाकलीस."

धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हातारा माणूस, काय बोलायचं, म्हणून तो उठून आला.

त्याच आठवड्यात एका कलाशाळेत फिल्म दाखवली. नंतर पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. "शेवटी कडी लावताना त्या जरा मागे वळून बघतात. ते फार अंगावर आलं."

"वळत नाही ती," धाकटा हसून म्हणाला. "पाठमोरीच आहे."

"मी बघितलं ना," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं खोका काढला. कडीचा प्रसंग दोन सेकंदांचा, चोवीस कागद. रेघवालीनं ते काचेवर मांडले तर पंचवीस निघाले. बाराव्या आणि तेराव्याच्या मध्ये एक आकडा नसलेला कागद होता. तीच खोली, तीच पाठ, पण मान किंचित वळलेली, कानाची पाळी दिसण्याइतकी.

"हा तू काढलास?"

रेघवालीनं कागद डोळ्यांजवळ नेला. "मी नाही आणि तुम्हीही नाही. छटेच्या रेघा बघा, उलट्या झुकल्यात. डाव्या हाताचं काम आहे हे." मग बाकीच्या कागदांकडे बघत ती सहज म्हणाली, "कडीवरचा हात मात्र आजोबांचाच ना? मुदत संपत आली तेव्हा तुम्हीच म्हणालात, आजोबा बाहेरून दार लावतात ते आधी काढून बाजूला ठेवलेले कागद उलटे घे, मागच्या कोऱ्या बाजूवर फक्त बाई नवी काढू."

त्यानं एक कागद उचलून पालथा घातला. खालच्या उजेडात मागून चित्र स्वच्छ दिसलं. बाहेरचा बोळ, बंद दार आणि कडी घालणारा आजोबांचा उजवा हात. त्यानं दुसरा पालथा घातला, तिसरा घातला. चोवीसही कागदांच्या पाठीवर खरी गोष्ट होती आणि ती त्यानंच तिथे ठेवली होती.

पण माणूस हट्टी. त्यानं पंचविसावा कागद फाडून टोपलीत टाकला आणि संध्याकाळी रेडिओवर ठासून सांगितलं, "आत्यानं कडी स्वतःच्या हातानं लावली. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे."

सकाळी कागद पुन्हा पंचवीस होते. आता गाल दिसत होता. त्यानं फाडला. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक डोळा. खोलीत कापडाला इस्त्री जास्त लागल्यासारखा वास यायला लागला. रेघवालीनं खिडकीकडे बघितलं.

चौथ्या दिवशी एक वाजता ती जेवायला निघाली. "टेबलाचे दिवे बंद करा सर, वायर तापलीय."

"करतो."

दार ओढून ती गेली. त्यानं कागद मोजले. पंचवीस. यावेळी त्यानं मधला कागद बघितला नाही. सगळा गठ्ठा डाव्या हातात धरला आणि अंगठ्यानं फडफडवला, चित्र चालतं का ते बघायला रोज फडफडवायचा तसा.

ती वळली. पूर्ण वळली.

चेहरा साधा होता. बाबांसारखं कपाळ, बाबांसारखीच हनुवटी. रागावलेली दिसत नव्हती. कामाला लागलेल्या माणसासारखी दिसत होती. तिनं डावा हात पुढे केला आणि शेवटचा कागद संपला.

मागे खट् असं वाजलं.

काचेच्या कडेचे कागद तपकिरी झाले होते. मग त्यांनी पेट घेतला. मग खोके.

तो दाराकडे धावला. स्टूल बाजूलाच पडलं होतं. दार हललं नाही.

"रेघवाली! कडी काढ!"

बाहेर पावलं धावत आली. "सर! कडी उघडीच आहे सर! बाहेरून काही नाही!" दारावर धक्के बसायला लागले. "आतून कडी कधी बसवून घेतलीत?"

"आतून नाहीये! आतून काहीच नाहीये!"

"कोण आहे आत?" छापखानेवाल्याचा आवाज आला.

"सर आहेत. त्यांनी आतून लावून घेतलीय."

"स्वतःच?"

"स्वतःच."

धुरात त्यानं दार चाचपलं. फळी गुळगुळीत लागली. मग वाकून अगदी जवळून बघितलं. त्याच्या छातीइतक्या उंचीवर पेन्सिलीनं एक कडी काढलेली होती, पूर्ण सरकवलेली. छटेच्या रेघा उलट्या झुकलेल्या.

त्यानं ती बोटानं सरकवून पाहिली. बोट काळं झालं.