बाराव्या नटावरची लाल रेघ

दिवा बारीक करा रे. आणि मध्येच "खरंच का?" म्हणून विचारायचं नाही. ज्याच्यावर हे बेतलं, तो सोळा वर्षं माझ्या बरोबरीने राबलेला माणूस. काच बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण स्वभाव महासंशयी. स्वतःच्या सावलीलाही विचारेल, "माझ्या मागे का लागलीस?" आम्ही त्याला मिस्त्रीच म्हणायचो.

तर एका जुन्या बाजाराचं नूतनीकरण निघालं. वर छत, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि मधल्या चौकात छतापासून लोंबणारा काचेचा धबधबा करायचा. तुळईला बारा नट-बोल्ट, प्रत्येक नटाला एक तार, तारेला हातभर लांब काचपट्ट्या. दिवसा दुकानं चालू, म्हणून काम रात्री. जोडीला मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ.

नट पान्याने आवळायचा आणि मगच त्याच्यावरून तुळईपर्यंत लाल रंगाची रेघ ओढायची, अशी पद्धत. नट फिरला तर रेघ तुटते; ती अखंड दिसली की तपासणारा पुढे जातो. पहिल्याच दिवशी साहेब तपासायला येणार होते. मिस्त्रीने घाईघाईत नट नुसते हाताने फिरवले आणि वर रेघा ओढून टाकल्या. "आवळू मागाहून," म्हणाला. साहेब खूश होऊन गेले, आणि हा गडी साफ विसरला!

तिसऱ्या सकाळी पट्ट्यांवर हातांचे ठसे. वीस फूट उंचावर!

"हातमोजे काढलेस ना?" मिस्त्री मेव्हण्यावर उखडला.

"आईशप्पथ नाही, दाजी."

"मग काय काचेला हात फुटले?"

चारचौघांत त्याला कामावरून हाकललं. घरी बायकोने अबोला धरला. "माझ्या भावाला घेऊन या, मगच माझ्याशी बोला," एवढंच तिचं शेवटचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठसे. आता संशय म्हाताऱ्या वॉचमनवर.

"माझे गुडघे बघा, मिस्त्री! मी कसला चढतोय?" वॉचमन म्हणाला. मग आवाज उतरला. "हे छत पहिल्यांदा बसवत होते ना, तेव्हा एक काच निसटली. खाली माणसं. एका कारागिराने ती उघड्या हातांवर झेलली. माणसं वाचली... तो नाही वाचला. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं बिचाऱ्याचं."

"थापा मारू नकोस," मिस्त्री म्हणाला.

बुधवारची रात्र. एक वाजून चाळीस मिनिटं. सकाळी दहाला उद्घाटन, धबधब्याखाली शाळेची पोरं गाणार होती. मिस्त्रीने वॉचमनला बाहेर काढलं, शटर आतून लावलं, किल्ली खिशात टाकली. बघतोच म्हणाला, कोण येतंय ते.

टॉर्च घेऊन तो परांचीवर चढला. ठसे होतेच. पुसले. दुसरीकडे टॉर्च फिरवला, परत आणला...

पुन्हा ठसे. ओले.

उजवा हात. पहिलं बोट अर्धं.

सगळे तळवे पट्ट्यांच्या खालच्या कडेला. बोटं वर. कोणीतरी खालून भार पेलत असल्यासारखे.

मिस्त्रीने हळूच वर बघितलं. नटाला चिमटीत धरलं.

फिरला.

रेघा... साहेब... "आवळू मागाहून." चूक मेव्हण्याची नव्हतीच. त्याने पाना लावला. एक नट. जुनी रेघ तुटली. नवी ओढली. दुसरा. तिसरा. अकरावा झाला. रंगाची डबी बंद करून ब्रशसकट खिशात टाकली आणि तो बाराव्याकडे सरकला.

टॉर्च विझला.

शेजारची फळी करकरली. वजन पडल्यावर करकरते, तशी.

"क... कोण?"

...

पाना तिथेच टाकून तो कसा उतरला, त्याचं त्यालाच ठाऊक. भिंतीला टेकून त्याने मेव्हण्याला फोन लावला. "चूक माझी होती रे. मला माफ कर. ये. एक नट राहिलाय, आणि माझ्याने आता वर जाववत नाही."

उजाडता उजाडता मेव्हणा आला. मिस्त्रीने आतून शटर उघडलं, तसा तो वर चढला. तिथे पडलेला पाना उचलून एकेक नट तपासला.

"दाजी, बाराही पक्के आहेत."

"बारावा?"

"तोही. जुनी रेघ तुटलीये. नवी ओढलीये."

मिस्त्रीने खिसा चाचपला. रंगाची डबी तिथेच होती, झाकण घट्ट. ब्रशही तिथेच.

"ब्रशने नाही, दाजी," वरून आवाज आला. "बोटाने ओढलीये. शेवटी ठसा उमटलाय. पण..."

"पण काय?"

"त्यात रेषाच नाहीत. बोट पुढून तुटलेलं असावं, तसा गुळगुळीत आहे. आणि रंग अजून ओला आहे."