तीनशे पावलांचं शिडघर

"सोमवारी पाडणार? सोमवार म्हणजे परवा!" ताई ओरडलीच.

बंदराजवळच्या जुन्या गल्ल्यांतून मावशीची वारसा फेरी निघाली होती. दर शनिवारी ती पाहुण्यांना पायी शहर दाखवायची. सुट्टीला आलेल्या तिच्या भाच्या, ताई आणि भिंगरी, अर्थातच मागोमाग. सोबत मावशीचा लेक चष्मिस. फेरीचा शेवटचा थांबा शिडघर. तिथे एक आजोबा पन्नास वर्षं बोटींची शिडं शिवत होते. आज मात्र दारावर पाडकामाची नोटीस होती.

"जुनं शिडघर कधीच पडलं, हे नंतरचं बांधकाम आहे, असं बंदर कचेरीचे इंजिनियर साहेब म्हणतात," मावशी वैतागून म्हणाली. "खरं जुनं असतं, तर वारसा म्हणून त्याला हात लावता आला नसता. जुन्या नकाशावर लिहिलंय, 'होड्या बांधून ठेवायच्या जागेपासून नाकासमोर तीनशे पावलं.' साहेबांनी धक्क्यापासून टेप लावला, तर तीनशे पावलांवर रस्ताच निघाला!"

"नवी जागा देतील हो ते," आजोबा म्हणाले, "पण एवढं मोठं शीड पसरायचं कुठे? घरी नुसतं बसून मी करू तरी काय, पोरांनो?"



घरी जाताना एका अरुंद गल्लीत भिंगरी ठेचकाळली. "आई गं!"

"बघून चाल की जरा!" ताई म्हणाली.

"बघूनच चालले होते! हे लोखंडी कडं कुणी ठोकलंय इथे?"

"घोडा बांधायला असेल," चष्मिस ऐटीत म्हणाला.

"इतक्या खाली? घोडा काय झोपून राहायचा?" भिंगरीने विचारलं.

चष्मिस गुडघ्यांवर बसला. कड्याखालचा दगड दोर घासून घासून खोल झिजला होता. आणि त्याखाली, भिंतीला घट्ट चिकटलेले, चक्क शिंपले!

"गल्लीत शिंपले?" भिंगरीने डोळे विस्फारले.

"अगं, म्हणजे समुद्र इथपर्यंत होता!" ताईने टुणकन उडी मारली. "होड्या इथेच बांधून ठेवत होते! आत्ताचा धक्का नंतर भराव घालून केलाय, मावशीनेच फेरीत नाही का सांगितलं? साहेबांनी मोजलंय भलतीकडूनच!"

भिंगरी लगेच कड्यापासून नाकासमोर पावलं मोजत सुटली. तीनशेवं पाऊल पडलं ते न्हाव्याच्या दुकानासमोर.

"झालं! इथे शिडं कापतात की केस?" चष्मिस फिदीफिदी हसला.

"तिची पावलं इवलीशी! नकाशा काय भिंगरीने काढलाय?" ताई म्हणाली. "मोठं माणूस हवं. आणि कोण हवं, तेही मला कळलंय!"

रविवारी सकाळी साहेब शेवटची पाहणी करायला आले, तर तिघं वाटेतच उभी.

"साहेब, आमच्या फेरीला चला ना!"

"मला वेळ नाहीये, बाळांनो."

"फक्त तीनशे पावलं हो," भिंगरी साळसूदपणे म्हणाली. "पण दमणार असाल तर राहू दे."

"दमतोय कसला!" साहेब फुरफुरले.

मुलांनी त्यांना गल्लीत नेलं आणि कडं दाखवलं. साहेबांनी दगडावरून बोट फिरवलं, शिंपले खरवडून पाहिले. मग ते उठले आणि चालू लागले. एक, दोन, तीन... न्हाव्याचं दुकान मागे पडलं. दोनशे नव्वद... दोनशे अठ्ठ्याण्णव... तीनशे! आणि साहेबांचं नाक थेट शिडघराच्या दाराला टेकलं!

आतून आजोबा आणि मावशी धावत बाहेर आले.

"चूक माझी आहे," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी आजच्या धक्क्यापासून मोजलं. इथे चालत येऊन बघायला हवं होतं. पाडकाम रद्द! कचेरीत मी स्वतः सांगतो." त्यांनी स्वतःच्या हाताने नोटीस काढली आणि मुलांकडे वळून म्हणाले, "शाबास! माझ्या टेपपेक्षा तुमचे डोळे पक्के."

मावशीने तिघांनाही एकदम मिठीत घेतलं. "आता पुढच्या शनिवारची फेरी तुम्हीच न्यायची!"

आजोबा मात्र हळूच दारातल्या शिडांच्या ढिगावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अहो आजोबा, वाचलं की शिडघर!" भिंगरी घाबरीघुबरी झाली. "मग रडताय कशाला?"

"काल मला रडूच आलं नव्हतं गं," आजोबा डोळे पुसत म्हणाले, "नुसती भीती वाटत होती."