मोडणारा माणूस पाहिजे

उमरेडहून नागपूरला जाणाऱ्या एस.टी.त त्या दिवशी माझ्या शेजारची अर्धी जागा एका गोधडीने अडवली होती. गोधडीत काहीतरी चौकोनी, जड गुंडाळलेलं होतं. पलीकडे एक सडपातळ तरुण, एक पाय मधल्या वाटेत टाकून, कसाबसा टेकला होता. प्रत्येक खड्ड्याला तो गोधडी अशी छातीशी धरायचा, की आत एखादं लेकरू झोपलं असावं.

“हे टपावर टाका,” कंडक्टर म्हणाला.

“नाही जमत, साहेब. पाहिजे तर याचं तिकीट फाडा.”

“माणूस आहे का हा?”

“माणसापेक्षा नाजूक आहे.”

मला हसू आलं. मी खिडकीकडे सरकले. “इकडे टेकवा. मी धरते एका बाजूनं.”

ओझं आमच्या दोघांच्या मांड्यांवर आलं. “टीव्ही आहे का?” मी विचारलं.

“कॉम्प्युटर. त्याचा पडदा. बाकीचा सीटखाली आहे.”

शहाऐंशी सालची गोष्ट. कॉम्प्युटर मी फक्त वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिला होता. तो माझ्या मांडीवर आहे म्हटल्यावर मी श्वाससुद्धा जपून घ्यायला लागले. त्या तरुणाचं नाव सुगत. इंजिनिअर. उमरेडच्या एका कचेरीत त्यानं हे यंत्र दाखवायला नेलं होतं. साहेबांनी चहा पाजला, आमच्या लोकांना इंग्रजी झेपायची नाही म्हणाले, आणि परत पाठवलं.

“मग याले मराठी नाही येत?”

त्यानं माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. डोळे जागरणानं लाल, पण हसरे.

“शिकवून राहिलो,” तो म्हणाला. “हट्टी आहे.”

मी मराठी घेऊन बी.ए. झाले होते, मराठी टायपिंगची परीक्षाही दिली होती, आणि त्या दिवशी एका शाळेत मुलाखतीला चालले होते. नागपूरच्या स्टँडवर उतरताना तो अडखळत म्हणाला, “ती जागा नाही मिळाली तर... धंतोलीत या. दाताच्या डॉक्टरच्या वर. आम्हाले एक माणूस पाहिजे. तुम्हाले मोडता येते का?”

“काय?”

“काहीही.”

शाळेनं मला घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात मी धंतोलीचा जिना चढले... नुसतं यंत्र पाहायला म्हणून, असं स्वतःला बजावत.

दोनच खोल्या. खालून दातांवरच्या ड्रिलचा आवाज. खिडकीत वाळ्याचा कूलर, पण त्याचा झोत माणसांवर नव्हता. यंत्राला ऊन लागू नये म्हणून तो यंत्राच्या खोलीत सोडलेला. कंपनीचे मालक विश्वनाथ स्वतः फडक्यानं टेबल पुसत होते. पुण्यातली मोठी नोकरी सोडून ते परत आले होते. मालक, झाडूवाला आणि विक्रेता, तिन्ही तेच.

“लहान कंपनीला तीनच माणसं लागतात,” ते मला म्हणाले. “एक बांधणारा, एक विकणारा आणि एक मोडणारा. बांधणारा हा सुगत. विकणारा मी. मोडणारा मिळत नाही. जो येतो त्याला बांधायचंच असतं. बसा. मनात येईल ते लिहा.”

चपला काढून मी आत गेले. काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. मी एक कळ दाबली, आणि त्या काळोखातून ‘अ’ उमटला.

शाळेत पाटीवर गिरवलेला, तोच. पण हिरव्या उजेडाचा. आतून कुणी दिवा लावल्यासारखा. मी बोटं मागे घेतली आणि पाहत राहिले. कुणीतरी इथे, या ड्रिलच्या आवाजात, हे अक्षर ठिपक्या-ठिपक्यानं घडवलं होतं. आणि तो कुणीतरी माझ्या मागे उभा राहून नखं खात होता.

“लिहा ना,” तो हळूच म्हणाला.

मी ‘स्त्री’ लिहिलं. पडदा थरथरला, आडव्यातिडव्या रेघा धावल्या, आणि सगळं काळं झालं.

मला घाम फुटला. “मी... काही बिघडवलं का?”

विश्वनाथ हसले. “उद्यापासून या,” ते म्हणाले.

सुगत मात्र त्या काळ्या पडद्याकडे अशा कौतुकानं पाहत होता, की मला कळेना, याला वाईट वाटलंय की आनंद झालाय.

मग आमचे दिवस असेच जायला लागले. मी मोडायची, तो जोडायचा. सकाळी मी आले की तो खुर्ची मागे ओढून द्यायचा. “घ्या. आज मोडून दाखवा.”

मी ‘वैशिष्ट्य’ लिहायची. ‘दारिद्र्य’ लिहायची. तो ओठ चावत पाहायचा. एकदा मी ‘ज्योत्स्ना’ लिहिलं आणि त्याचा प्रोग्राम पुन्हा कोसळला.

“ही कोण ज्योत्स्ना?” तो वैतागला. “कुठून आणता असे शब्द?”

“चांदणं आहे ते.”

“मग सरळ चांदणं म्हणा ना.”

“लोक तुमच्या सोयीनं लिहितील का?”

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा पडद्यावर एकच शब्द होता... ज्योत्स्ना. न अडखळता, न तुटता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पण कान लाल झाले होते.

“तुमचा ‘ल’ लंगडतो,” मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून.

“तुम्ही काढून द्या मग.”

तेव्हापासून चौकटीच्या कागदावर मी अक्षरांचे ठिपके भरायला लागले आणि तो ते यंत्रात उतरवायला लागला. एकाच कागदावर वाकलेली दोन डोकी. कूलरच्या वाळ्याचा ओला वास. मध्येच वीज जायची, कूलर थांबायचा, आणि त्या शांततेत मला माझंच काळीज ऐकू यायचं. मी मनाशी म्हणायची... अक्षरांचंच काम आहे हे. दुसरं काही नाही.

एक दिवस त्याची आई, भागीरथाबाई, डबा द्यायला आल्या. “जयभीम,” म्हणून विश्वनाथांना नमस्कार केला आणि दारातच थांबल्या. वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गात त्या मोठेपणी अक्षर शिकल्या होत्या. मी त्यांना आत घेतलं, खुर्चीत बसवलं आणि त्यांचं नाव लिहिलं.

त्यांनी बोट पडद्यापासून थोडं दूर धरलं आणि एकेक अक्षर वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“हे माह्या पोरानं केलं?”

“दोघांनी केलं,” सुगत म्हणाला.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. “हा ‘भ’ माह्या ‘भ’पेक्षा चांगला आहे, पोरी,” त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

तिथून पुढे मला माझ्या मनाशी खोटं बोलता येईना.

मे महिन्यात नागपूरच्याच महाल भागातले मधुकरराव प्रोग्राम पाहायला तयार झाले. त्यांचा छापखाना, लग्नपत्रिकांचं मोठं काम. त्यांनी घेतलं तर बाकीचे छापखाने घेतील. नाही घेतलं तर विश्वनाथांना खोल्या सोडाव्या लागणार होत्या. आदल्या दिवशी संध्याकाळी मी सहज एक लांब मजकूर भरला, आणि एक शब्द ओळ संपता संपता खालच्या ओळीत गेला. ‘दुर्गा’. अक्षरं खाली आली. रफार मात्र वरच्या ओळीतच लटकत राहिला, आपल्या अक्षराला हरवून बसल्यासारखा.

“हे क्वचितच होईल,” विश्वनाथ म्हणाले. “उद्या ओळीच्या शेवटी असा शब्द येऊ द्यायचा नाही. झालं.”

“पत्रिकेत नावं असतात,” मी म्हटलं. “दुर्गा, कीर्ती, अर्जुन. एखाद्या पोरीच्या लग्नात तिचंच नाव मोडकं छापून येईल.”

“शामला, कंपनी बंद पडेल.”

मी सुगतकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. घरी जाताना बसमध्ये मला त्याचं ते गप्प बसणं फार लागलं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात सगळं सुरळीत झालं. मधुकरराव खूश होऊन हात पुढे करणार, तेवढ्यात सुगत म्हणाला, “साहेब, एक राहिलं.” त्यानं स्वतः मजकूर भरला, स्वतः ‘दुर्गा’ ओळीच्या शेवटी आणलं. रफार वर लटकला. “हे चुकते. यांनी शोधलं. मी दुरुस्त करतो, पण आज हे असं आहे.”

विश्वनाथांनी डोळे मिटले. मधुकररावांनी पडदा निरखला. “मग दुरुस्त झाल्यावर या,” एवढंच म्हणाले.

परतताना विश्वनाथ आमच्या चार पावलं पुढे चालत राहिले. पण दुसऱ्या सकाळी तेच आधी येऊन कूलरमध्ये पाणी भरत होते. “काय लागेल ते सांगा,” ते म्हणाले.

सुगतनं ओळ तोडायची सगळी रीतच उलगडली आणि नव्यानं बांधली. तो बांधायचा, मी मोडायची, पुन्हा, पुन्हा. शेवटी एका दुपारी मी कितीही खटपट केली तरी मोडेना. मी खुर्चीत मागे टेकले. माणसाच्या डोक्यातून असं काही उतरतं, जे आधी जगात नव्हतंच, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी खरं वाटत नव्हतं.

महालात आम्ही पुन्हा गेलो. प्रिंटर करकरला, कागद हळूहळू वर आला. जन्मभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेले गोपाळराव तिथे कंपोझिटर होते. त्यांनी कागद खिडकीशी नेला, वाचला, मग उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं. खिळ्यांचा उठाव त्यावर नव्हता.

“रफार जागेवर आहे,” ते मालकांना म्हणाले. “मले शिकवाल का हे?”

“तुमच्याशिवाय कोण चालवणार?” मधुकरराव म्हणाले, आणि विश्वनाथांचा हात हातात घेतला.

त्या संध्याकाळी धुळीचं वादळ उठलं. आम्ही दोघं धंतोलीच्या गॅलरीत उभे होतो.

“त्या दिवशी तो दोष काहून दाखवला?” मी विचारलं.

“तुम्ही पाहून राहिल्या होत्या.”

“मी नसते तर?”

त्यानं कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. “नसता दाखवला... बहुतेक. तुम्ही समोर असल्या की मले खोटं जमत नाही. अन् हे असंच... जन्मभर राहावं वाटते.”

कडूनिंबाची पानं गॅलरीत उडून आली. मला घर आठवलं, गल्ली आठवली, नातेवाईक आठवले.

“सोपं नाही आमच्या घरी,” मी म्हटलं.

“माहीत आहे.”

“मी बाबांना सांगते. तू रविवारी ये.”

“काय म्हणाली?”

“रविवारी ये म्हटलं.”

“त्याच्या आधीचा शब्द,” तो म्हणाला. “तो म्हण पुन्हा.”

मी तो ‘तू’ पुन्हा म्हटला. मोठ्यानं नाही. वादळात त्याला ऐकू आला की नाही, कोण जाणे... पण तो हसला.

घरी सांगितलं तेव्हा आई रडली. बाबा, महादेवराव, मागावर बसले होते. खटखट थांबली नाही. कितीतरी वेळानं ते म्हणाले, “पाहू दे तरी पोराले.”

रविवारी सुगत आला. बाबा मागाखालच्या खड्ड्यातच पाय सोडून बसून राहिले. तो समोर उभा.

“कंपनी नाही चालली तर?” बाबांनी विचारलं.

“पुन्हा बांधीन.”

“अन् हिनं चूक काढली तर तू रागावतं का?”

“राग येते,” सुगत म्हणाला. “पण तीच बरोबर असते.”

माग थांबला. बाबा खड्ड्यातून वर आले, हात धुतले. आमच्या उंबऱ्याच्या आत त्याच्या समाजाचं कुणी जेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी स्वतः दोन पाट मांडले. शेजारीशेजारी.

“शामले, वाढ वं. भूक लागली असन त्याले.”

मी वाढलं. आई चुलीपाशी पाठ करून बसलेली. सुगतनं ठेच्याचा पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो तसाच खात राहिला. आईनं मागे वळून पाहिलं. मग उठली, दह्याचं भांडं घेऊन आली, आणि त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं दही वाढलं.

“हळू खाय, बापा,” ती म्हणाली. “मिरची भिवापूरची आहे.”