पेन्सिलनं लिहिलेली नोंद

माझी मावशी थापा मारत नाही. मारता आल्या असत्या, तर नोकरीत कुठल्या कुठे पोचली असती. म्हणून तिनं सांगितलं तसंच सांगतोय. पटलं तर घ्या.

मावशी एका वृद्धाश्रमात नर्स आहे. तिथली रीत अशी, की कुणी पडलं, कुणाला लागलं, तर रजिस्टरमध्ये आधी पेन्सिलनं लिहायचं. मॅनेजर वाचणार. त्यांना पटलं तर पेननं गिरवायचं आणि चोवीस तासांत तपासणी कार्यालयाला कळवायचं. नाही पटलं, तर खोडरबर होताच.

सात नंबरच्या खोलीतल्या आजी मंगळवारी भर दुपारी पडल्या. मांडी सुजून टम्म झाली. मावशीनं लिहिलं.

"पुढच्या आठवड्यात तपासणी आहे," मॅनेजर म्हणाले. "ती होऊ दे, मग बघू."

"सर, त्यांना उठता येत नाहीये. निदान डॉक्टर तरी बोलवा."

"वय झालंय त्यांचं. तुमचं काय जातंय?"

मावशीची नोकरी जात होती. तिनं नोंद पेन्सिलमध्येच ठेवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

शुक्रवारी आजी गेल्या. 'वृद्धापकाळ' हे मात्र लगेच पेननं लिहिलं गेलं. खोलीला कुलूप लागलं.

सोमवारी दुपारी...

धप्प.

बंद खोलीतून.

खोलीतली बेल दाबली, की मावशीच्या टेबलासमोरच्या बोर्डावर त्या खोलीचा दिवा लागतो. त्या बोर्डावर सात नंबरचा दिवा लागला...

तिनं कुलूप काढलं. गादी गुंडाळलेली. आत कुणी नाही.

वायरमननं बोर्ड उघडून पाहिला. "ताई, सातची वायर तर कधीच काढलेली आहे."

आठवडाभर रोज तेच. मधे तपासणीही झाली. साहेब आले, सह्या करून गेले. मावशीला आता भीतीपेक्षा संताप यायला लागला होता, आणि तो जास्त स्वतःवरच होता.

दुसऱ्या सोमवारी तिनं टेबलावरच्या फोनवरून तपासणी कार्यालयाला फोन लावला.

"एक नोंद द्यायची राहिली होती. आमच्या सात नंबरच्या आजी..."

पलीकडची बाई वैतागली. "अहो, किती वेळा तेच? त्या स्वतःच रोज फोन करतात. याच नंबरवरून. मी रोज सांगते, संस्थेच्या कागदाशिवाय मला नोंद घेता येत नाही."

मावशीनं बोर्डाकडे पाहिलं.

"रोज...?"

"आज सकाळीसुद्धा. आज शेजारच्या आजोबांचं सांगत होत्या. काल संध्याकाळी कुणी त्यांचा डावा दंड पिरगळला म्हणे. खरं आहे का?"

मावशी रिसीव्हर तसाच टाकून आठ नंबरमध्ये धावली. आजोबांची बाही वर केली.

बोटांचे निळे वण...

"कुणी केलं, आजोबा?"

"मॅनेजरनं. घराच्या कागदांवर सही हवी होती त्याला." आजोबा तिच्याकडे बघत राहिले. "पण तुला कसं कळलं? मी तर फक्त भिंतीपलीकडच्या बाईंना सांगितलं..."

मावशीनं दोन्ही नोंदी सरळ पेननं लिहिल्या, तिथल्या तिथे फोनवर वाचून दाखवल्या आणि कागद त्याच दिवशी कार्यालयात पाठवले. आजोबांची नोंद वेळेत गेली. मॅनेजरची चौकशी सुरू झाली. ती अजून सुरूच आहे.

आजींची नोंद मात्र परत आली. 'मुदतीनंतर कळवले', असा शेरा मारून.

सातचा दिवा अजून लागतो. कुणाला लागलं, कुणाला मारलं, कार्यालयात आधीच कळलेलं असतं. स्वतःबद्दल मात्र आजी आता काहीच बोलत नाहीत.

परवा मावशीनं मला विचारलं, "माझ्यावर राग असेल का रे त्यांचा?"